खाद्य आणलं, पण सोबत कोण आलं? जिवंत खाद्यातल्या फुकट्या पाहुण्यांचा पाठ



मागच्या श्रावणातली आमच्या घरची गोष्ट सांगतो. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत गप्पीची दीडेकशे पिल्लं होती. कोरडं खाद्य त्यांना नीट चालत नव्हतं. म्हणून मी जवळच्या कुंट्यातून मच्छरदाणीच्या कापडात अर्धी बादली पाणपिसवा धरून आणल्या आणि तशाच टाकीत ओतल्या. पिल्लं अशी तुटून पडली की बघून बरं वाटलं. म्हटलं, फुकटात काम झालं.

पाचव्या दिवशी पिल्लं कमी दिसायला लागली. दहाव्या दिवशी चाळीसही उरली नव्हती. मेलेलं एकही सापडेना, पाण्याला वासही नाही. मी बेडकावर संशय घेतला, वहिनी म्हणाल्या मांजर असेल. शेवटी रात्री पुतण्या बॅटरी घेऊन टाकीजवळ बसला आणि ओरडला, "काका, ही काडी चालतेय!" ती काडी नव्हती. चतुराची अळी होती, बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्या तोंडात पिल्लू होतं. टाकी उपसली तर तशा सात निघाल्या.

त्या साती मीच बादलीतून आणल्या होत्या. म्हणून आजचा पाठ याच विषयावर. आपल्यातले बरेच जण आता घरी टाकीत गप्पी, फायटर, गोल्डफिश ठेवतात. काही जण मत्स्यजिरे आणून बोटुकली तयार करतात. काही जण लाल किडे आणि पाणपिसवा धरून फिशटँकवाल्यांना विकतात. तिघांनाही हे लागू आहे. मुद्दा एकच आहे: जिवंत खाद्य चांगलंच असतं, पण ते ज्या पाण्यातून येतं त्या पाण्यातलं सगळं बिऱ्हाड सोबत आणतं.

🔹 ही गोष्ट आपल्या म्हाताऱ्यांना माहीत होती

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना "नारू" हा शब्द विचारा. पायातून दोऱ्यासारखा हातभर, कधी त्याहून लांब किडा बाहेर यायचा. काडीला गुंडाळत गुंडाळत तो रोज थोडाथोडा ओढून काढावा लागायचा. मध्येच तुटला तर पाय सुजायचा, पिकायचा. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश, दोन्हीकडे हा रोग होता.

हा किडा अंगात जायचा कसा? पायऱ्यांच्या विहिरीत नारूवाला माणूस पाय बुडवून पाणी भरायचा. जखमेतून हजारो पिल्लं पाण्यात सुटायची. ती पिल्लं सायक्लॉप्स नावाचा बारीक पाणकिडा खायचा. तो पाणकिडा पाण्याबरोबर आपल्या पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून नारू बाहेर यायचा. म्हणजे नारू स्वतः चालत येत नव्हता, सायक्लॉप्सच्या पाठीवर बसून येत होता असंच म्हणा.

देशात १९८३-८४ साली नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकलं आणि घरोघरी एकच गोष्ट सांगितली: पाणी कापडाने गाळून प्या. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात जोधपूरकडे सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. नारूवर लस नव्हती, गोळीही नव्हती. एवढा मोठा रोग गाळणीने आणि पाण्याची जागा बदलल्याने गेला.

माणसाच्या पाण्याला जो नियम, तोच माशाच्या खाद्याला. जागा नीट निवडा, गाळा, थांबा आणि बघा. पुढचा सगळा पाठ या तीन गोष्टींचा आहे.

🔹 आपण जिवंत खाद्य म्हणून काय वापरतो?

१) पाणपिसवा. यांना मोइना आणि डॅफ्निया म्हणतात. झटके देत उड्या मारतात. पिल्लांसाठी उत्तम. मोइनाचं नवं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, त्यामुळे बारीक तोंडाच्या पिल्लालाही चालतं.

२) ट्युबिफेक्स, म्हणजे लाल दोऱ्यासारखे किडे. गटार, नाला, सांडपाण्याच्या गाळात गुच्छ करून राहतात.

३) ब्लडवर्म. ही डासासारख्या, पण न चावणाऱ्या माशीची लाल अळी. तळ्याच्या गाळात मिळते.

४) डासाच्या अळ्या. साठवलेल्या पाण्यात भरपूर.

५) आर्टेमिया. खाऱ्या पाण्यातला जीव. अंडी डब्यात कोरडी मिळतात आणि घरी मिठाच्या पाण्यात फोडावी लागतात.

यातले पहिले चार आपण उघड्या पाण्यातून आणतो. पाहुणे तिथूनच चढतात.

🔹 पाहुण्यांची ओळख

हे तीन प्रकारचे असतात: पिल्लं खाणारे, माशाला चिकटणारे आणि पोटात जाऊन रोग देणारे.

▪️ पिल्लं खाणारे

चतुराची अळी. चतुर म्हणजे पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो. मादी पाण्यात अंडी घालते आणि अळी काही महिने पाण्यातच वाढते. रंग मातकट, हालचाल मंद, म्हणून काडीकचरा वाटते. तिचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. शिकार जवळ आली की तो झटक्यात पुढे येतो आणि पिल्लू ओढून घेतो. टाचणीची अळीही तशीच, फक्त बारीक, आणि शेपटाला तीन पानं.

पाणभुंग्याची अळी. लांबट अंग, तोंडाला विळ्यासारखे दोन दात. पिल्लाला दात रोवून आतला रस पिते. मोठा पाणभुंगाही खादाड.

उताणा पोहणारा किडा. पाठीवर उलटा पडून वल्ह्यासारखे दोन पाय मारत पोहतो. श्वास घ्यायला वर येतो. हातालाही चांगलाच चावतो, जाळं झाडताना कित्येकांनी अनुभवलं असेल.

पाणविंचू. मागे लांब नळी, पुढे पकडीचे दोन पाय. नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेतो.

हायड्रा. हा सगळ्यात फसवा. टाकीच्या भिंतीला किंवा पानाला चिकटलेला पांढुरका दोरा, टोकाला पाच-सहा बारीक सोंडा. हात लागला की आक्रसून ठिपका होतो. सोंडांत डंख असतो. आपल्याला लागत नाही, पण पाणपिसू आणि नुकतं फुटलेलं पिल्लू जागीच लुळं पडतं. चिमटीने चिरडला तर गेला असं समजू नका. अब्राहम ट्रेम्बले नावाच्या माणसाने हॉलंडमध्ये हायड्राचे तुकडे करून पाहिले आणि १७४४ साली पुस्तकात लिहून ठेवलं की एकेका तुकड्यातून पुन्हा पूर्ण हायड्रा तयार होतो. चिरडणं म्हणजे पेरणी करणं.

▪️ माशाला चिकटणारे

माशाची ऊ, म्हणजे आर्गुलस. मसुरीच्या डाळीसारखी चपटी, पारदर्शक, दोन काळे डोळे. रोहू, कटला वाढवणाऱ्यांचं हे जुनं दुखणं आहे. मासा अंग घासतो, उड्या मारतो, खाणं सोडतो, अंगावर लाल ठिपके पडतात. ही ऊ मासा सोडूनही काही दिवस पाण्यात पोहत जगते, म्हणूनच बादलीतून येते. मादी अंडी माशावर घालत नाही. बांबू, दगड, टाकीची भिंत, होडीचा तळ अशा टणक जागी ओळीने चिकटवते.

नांगर किडा, म्हणजे लर्निया. माशाच्या अंगातून बाहेर आलेला काडीसारखा धागा दिसतो. त्याचं डोकं आत मांसात नांगरासारखं रुतलेलं असतं. ओढला तर धागा तुटतो, डोकं आत राहतं, जखम चिघळते. लहानपणी तो सायक्लॉप्ससारखाच पाण्यात पोहत असतो आणि नुसत्या डोळ्याने ओळखू येत नाही. मासे असलेल्या तळ्यातून पाणपिसवा आणल्या तर त्यात हा असू शकतो. ही ओळ दोनदा वाचा.

जळू. अंडी कोशात असतात, पानांना आणि काड्यांना चिकटून येतात.

▪️ पोटात जाणारे

सायक्लॉप्स स्वतः वाईट खाद्य नाही, मासे खातात. पण नारूसारखेच माशांचेही जंत त्याच्या पोटातून प्रवास करतात. गप्पीच्या शेपटीखाली लाल धागे लोंबताना दिसतात, ते कॅमॅलॅनस जंत. ते सायक्लॉप्स खाऊन येऊ शकतात. कार्प जातीच्या पिल्लांत पोट फुगवणारा एक पट्टकृमी आहे, तोही सायक्लॉप्समधूनच जातो. हा पूर्व आशियातला. ग्रास कार्पची पिल्लं देशोदेशी गेली आणि हा जंत त्यांच्या आतड्यात बसून जगभर पोचला.

ओळखायचं कसं? पाणपिसू गोलसर, टुणटुण उड्या मारते. सायक्लॉप्स नासपतीच्या आकाराचा, सरळ झेप घेतो, एकच डोळा, आणि मादीच्या मागे दोन पिशव्या. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरा, दोन मिनिटांत फरक कळतो.

ट्युबिफेक्सचं वेगळं आहे. तो सांडपाण्यात राहतो, म्हणून पोटात घाण आणि जंतू घेऊन येतो. थंड देशांतल्या ट्राउट माशांना गरगर फिरवणारा एक रोग होतो. तो पसरतो कसा हे कितीतरी वर्षं कळत नव्हतं. १९८४ साली केन वुल्फ आणि मारिया मार्कीव्ह या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की त्या रोगाचा जीव आधी ट्युबिफेक्समध्ये वाढतो आणि मग ट्राउटला जातो. आपल्या रोहू-कटल्याचा हा रोग नाही, घाबरू नका. पण लाल किडा नुसता किडा नसतो, त्याच्या पोटात दुसरं कुणी असू शकतं, एवढं त्यातून शिकायचं.

गोगलगायीही विसरू नका. त्यांची अंडी जेलीच्या ठिपक्यांसारखी पानाला चिकटून येतात, आणि माशांच्या काही चपट्या कृमींचं पहिलं घर गोगलगायच असतं.

🔹 नियम पहिला: जागा

✔️ ज्या डबक्यात मासे नाहीत तिथूनच पाणपिसवा धरा. मासे नसतील तर माशाची ऊ, नांगर किडा आणि माशांचे बहुतेक जंत तिथे टिकत नाहीत. पावसाळ्यात भरणारं आणि उन्हाळ्यात कोरडं पडणारं डबकं चांगलं.

✔️ पण मासे नसलेल्या डबक्यात चतुराच्या अळ्या आणि पाणकिडे जास्त असतात, कारण त्यांना खाणारं कुणी नसतं. म्हणजे जागेने अर्धंच काम होतं, बाकीचं गाळणीने.

✔️ कापसाच्या शेताचं पाणी उतरतं त्या डबक्यातून खाद्य घेऊ नका. आपल्याकडे कापूस भरपूर आणि त्यावर फवारणीही भरपूर. पाणपिसू औषधाने लवकर मरते हे खरं, पण थोडं औषध अंगात घेऊन जिवंत राहिलेली पिसू तुमच्या पिल्लाच्या पोटात जाईल.

✔️ धरताना जाळी गाळाला आणि गवताला लागू देऊ नका. अळ्या तिथेच बसलेल्या असतात. सकाळी मधल्या पाण्यातून हलक्या हाताने जाळी फिरवा.

🔹 नियम दुसरा: गाळणी

दोन गाळण्या ठेवा.

पहिली जाड: मच्छरदाणीचं कापड. यातून पाणपिसवा खाली जातात, अळ्या, भुंगे, गोगलगायी आणि काडीकचरा वर राहतो. माझी चूक इथेच झाली. मी मच्छरदाणीने धरलं आणि कापडावर राहिलेलं सगळं टाकीत उलटं केलं. खाली गळालेलं घ्यायचं, वर उरलेलं टाकून द्यायचं, हे माझं उलटं झालं.

दुसरी बारीक: घट्ट विणीचं सुती किंवा बोल्टिंग कापड. यात पाणपिसवा अडकतात आणि डबक्याचं पाणी निघून जातं. वरून दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी ओता. डबक्याचं पाणी टाकीत एक थेंबही जाऊ नये.

लक्षात ठेवा, सायक्लॉप्स आणि नांगर किड्याची पिल्लं पाणपिसूएवढीच बारीक असतात. ती गाळणीने वेगळी होत नाहीत. म्हणून पहिला नियम सोडून दुसरा चालत नाही.

🔹 नियम तिसरा: थांबा आणि बघा

गाळलेलं खाद्य पांढऱ्या टबात किंवा काचेच्या बरणीत एक दिवस ठेवा. पांढरा टब यासाठी की तळाशी बसलेली मातकट अळी लगेच दिसते. रात्री एका कोपऱ्यावर बॅटरी धरा. पाणपिसवा बहुतेक वेळा उजेडाकडे गोळा होतात, अळ्या तळाशी राहतात, हायड्रा भिंतीला चिकटतो. उजेडातल्या पिसवा नळीने किंवा वाटीने अलगद काढून घ्या. उरलेलं टाकीत नाही टाकायचं.

ट्युबिफेक्सला एक दिवस पुरत नाही. उथळ ताटात पसरून ठेवा, दिवसातून तीन वेळा पाणी बदला, मेलेले आणि फिके पडलेले काढून टाका. दोन-तीन दिवसांत पोटातली घाण निघून जाते. मगच खायला द्या, तेही थोडं थोडं. हाताळल्यावर हात साबणाने धुवा. ब्लडवर्ममुळे, विशेषतः वाळवलेल्या भुकटीमुळे, काही जणांना खाज, शिंका, दम लागतो. तसं झालं तर ते काम घरातल्या दुसऱ्याला द्या.

डासाच्या अळ्यांचं आणखी एक. आरोग्य खातं गप्पी मासे विहिरी-टाक्यांत सोडतं ते डासाच्या अळ्या खाण्यासाठी. आपण मात्र अळ्या घरी आणून बादलीत साठवल्या तर आठवड्याभरात त्याच बादलीतून डास उडतील. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. म्हणून मासे दहा मिनिटांत संपवतील एवढ्याच अळ्या आणा. उरल्या तर पाणी उन्हात तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओता.

🔹 सगळ्यात चांगलं: घरीच तयार करा

पाणपिसूची मादी नराशिवायही पिल्लं देते. म्हणजे दहा-वीस स्वच्छ पिसवांपासून अख्खा ड्रम तयार होतो. कृती अशी:

१) १०० लिटरचा ड्रम किंवा टब घासून, उन्हात वाळवून घ्या. नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या.

२) ड्रॉपरने एकेक पाणपिसू उचला, स्वच्छ पाण्याच्या वाटीत सोडा, तिथून पुन्हा उचलून दुसऱ्या वाटीत. अशा तीन वाट्या पार केलेल्या वीस-तीस पिसवा ड्रममध्ये सोडा. हे काम पोरांना द्या, त्यांचे डोळे चांगले असतात.

३) खायला बेकरीचं यीस्ट, १०० लिटरला २ ते ३ ग्रॅम, कोमट पाण्यात कालवून. पाणी फारच दुधाळ झालं तर पुढचं खाद्य देऊ नका, पाणी निवळल्यावर द्या. हिरवं पाणी मिळालं तर ते त्याहून चांगलं.

४) ड्रमवर बारीक जाळी बांधा. हे विसरलात तर चतुर आणि डास अंडी घालून जातील आणि सगळी मेहनत पुन्हा पहिल्यावर.

५) गरम दिवसांत मोइना चार ते सात दिवसांत वयात येते आणि मग दर दीड-दोन दिवसांनी पिल्लं देते. गर्दी झाली की रोज थोडी काढा. दोन ड्रम ठेवा, एक बिघडला तर दुसरा हाताशी.

ज्यांना परवडतं त्यांनी पहिल्या आठवड्याला आर्टेमिया वापरावा. लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, हवेचा पंप, २८ अंशांच्या आसपास उष्णता, साधारण २४ तासांत पिल्लं फुटतात. त्या खाऱ्या पाण्यात आपल्याकडचा चतुर, हायड्रा, ऊ काहीच जगत नाही. फक्त अंड्यांची टरफलं वेगळी काढा, नाहीतर पिल्लांच्या पोटात अडकतात.

विकणाऱ्या बंधू-भगिनींना एक सांगणं. दुकानदाराला दोनदा हायड्रा किंवा अळ्या मिळाल्या की तिसऱ्यांदा तो तुमच्याकडून घेत नाही. जाळीखाली वाढवलेल्या पाणपिसवा म्हणून स्वच्छ माल द्या, टिकून राहणारं गिऱ्हाईक मिळेल.

🔹 पाहुणे आधीच आले असतील तर?

हायड्रा: मासे दुसरीकडे हलवा, टाकी रिकामी करा, उकळतं पाणी ओता, घासा, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. झाडं असतील तर ती काढून टाका. गुरामी मासा हायड्रा खातो, मोठ्या टाकीत त्याचा उपयोग होतो.

चतुराची अळी: रात्री बॅटरीने शोधून चिमट्याने काढा. नाही जमलं तर टाकी उपसा.

माशाची ऊ: दोन-चार मासे असतील तर ओल्या कापडात धरून चिमट्याने ऊ काढा. तळ्यात असेल तर बांबू आणि फळ्या पाण्यात उभ्या करा, मादी त्यावर अंडी घालेल. आठवड्याने त्या बाहेर काढून उन्हात खडखडीत वाळवा आणि पुन्हा लावा. अंडी फुटायच्या आत काढणं महत्त्वाचं.

शेतातलं फवारणीचं औषध अंदाजाने पाण्यात ओतू नका. त्याने पाणपिसवा आधी मरतात, मासे नंतर, आणि तेच मासे आपण आणि गिऱ्हाईक खातो. औषध लागलंच तर मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्याला विचारून, मापून.

🔹 जिरे वाढवणाऱ्यांसाठी

टाकीत दीडशे गप्पी गेल्या तर हळहळ वाटते. संगोपन तळ्यात हजारो जिरे गेले तर हंगाम जातो. तिथे पहिले पंधरा दिवस सगळ्यात धोक्याचे.

तळं आधी कोरडं करा, तळ तडकू द्या. कोरडं होत नसेल तर मोहाची पेंड वापरा. आपल्या भागात मोहाला काय तोटा! हेक्टरी २५०० किलो, म्हणजे गुंठ्याला साधारण २५ किलो, जिरे सोडायच्या तीन आठवडे आधी. त्यातल्या सॅपोनिनने नको असलेले मासे मरतात. दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं आणि पेंडीचं खत होतं, त्यावर पाणपिसवा वाढतात.

जिरे सोडायच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, साबण-तेलाचं मिश्रण फवारा. हेक्टरी १८ किलो साबण आणि ५६ किलो स्वस्त खाद्यतेल, म्हणजे गुंठ्याला साधारण १८० ग्रॅम साबण आणि ५६० ग्रॅम तेल. पाण्यावर पातळ थर बसतो. वर येऊन श्वास घेणारे उताणे किडे, भुंगे, पाणविंचू गुदमरून मरतात.

पण नीट ऐका: चतुराची अळी पाण्यातच श्वास घेते, तिला वर यावं लागत नाही. तेलाने ती मरत नाही. तिच्यावर उपाय म्हणजे तळं कोरडं करणं, भरताना आत येणाऱ्या पाण्याला बारीक जाळी बांधणं आणि भरल्यावर महिनाभर रिकामं न ठेवणं. जितके दिवस तळं रिकामं, तितक्या अळ्या मोठ्या.

तेलंगणात २०१६ पासून सहकारी संस्थांच्या तळ्यांत मोफत मत्स्यबीज सोडायची योजना सुरू झाली. बीज येईल त्या दिवशी पिशवीतलं थोडं पाणी पांढऱ्या टबात ओतून बघायची सवय लावा. कुणावर संशय म्हणून नाही, आपल्या तळ्यासाठी. पिशवीचं पाणी तळ्यात ओतू नका, फक्त बीज जाळीने सोडा.

🔹 होडीवाल्यांनो, तुम्हीही यात आहात

एका तळ्यातून होडी, तराफा, जाळं काढून दुसऱ्यात नेलं की तळाला चिकटलेली ऊची अंडी, गोगलगायी, हायड्रा सोबत जातात. होडीत साचलेलं पाणी काढा, तळ घासा, जाळं आणि होडी दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग दुसऱ्या पाण्यात घाला. खर्च शून्य.

आणि टाकीतलं काहीही ओढ्यात सोडू नका, मासे नाहीत, झाडं नाहीत, पाणीही नाही. काच चाटणारा काळपट मासा, ज्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढाली असतात, तो दक्षिण अमेरिकेतला. लोकांनी कंटाळून टाकीतून सोडला आणि आज आंध्र, तेलंगण, तमिळनाडू, केरळातल्या पाण्यांत तो जाळी फाडतोय. बोथच्या ओढ्यात सोडलेलं इथेच राहत नाही. आपलं पाणी कडेम नदीतून कुंटाल्याच्या धबधब्यावरून निर्मल जिल्ह्यातल्या कडेम धरणात जातं आणि तिथून गोदावरीत. खालचे भाऊबंदही त्याच पाण्यावर जाळं टाकतात.

🔹 थोडक्यात

✅ मासे नसलेल्या डबक्यातून खाद्य घ्या
✅ दोन गाळण्या: जाडीच्या खालचं घ्या, वरचं टाका
✅ डबक्याचं पाणी टाकीत नको
✅ पांढऱ्या टबात एक दिवस, ट्युबिफेक्स दोन-तीन दिवस
✅ शक्यतो जाळीखाली घरीच वाढवा
✅ होडी आणि जाळं वाळवूनच दुसऱ्या तळ्यात

आज घरी एक काम करा. तुमच्या नेहमीच्या डबक्यातलं एक पेला पाणी काचेत घ्या, मुलांना जवळ बसवा आणि काय काय हलतंय ते मोजा. दोन पिशव्यांचा सायक्लॉप्स दिसला तर आजीला दाखवा आणि नारूची गोष्ट विचारा. ती हा पाठ आमच्यापेक्षा चांगला सांगेल.

संस्थेच्या पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही पोचू द्या.